कोलॅटरल (२००४) : आभाळ काळं नसलेली रात्र

रातकिडी (धागाकर्ती) | रात्री ९.४०

आधीच सांगते, पुढे सगळी गोष्ट फोडलेली आहे. पाहिला नसेल तर पाहून या, दोन तासांचा आहे. धागा कुठे पळत नाही.

परवा झोप येईना म्हणून कोलॅटरल पुन्हा लावला. पहिल्यांदा हॉस्टेलवर पाहिला होता, मैत्रिणीच्या पंधरा इंची मॉनिटरवर, सहा जणी एका पलंगावर बसून. तेव्हा एवढंच कळलं होतं की टॉम क्रूझचे केस पिकवलेत आणि या वेळी तो वाईट माणूस आहे.

गोष्ट पोस्टकार्डावर मावेल एवढी. मॅक्स (जेमी फॉक्स) लॉस एंजेलिसमध्ये रात्रपाळीची टॅक्सी चालवतो. व्हिन्सेंट (क्रूझ) हा करड्या सुटातला माणूस मागे बसतो, पत्ता सांगतो, किती वेळ लागेल विचारतो. सात मिनिटं. बरोबर सात मिनिटांत पोचतात. गडी खूश. म्हणतो, रात्रभर गाडी हवी, पाच ठिकाणी थांबायचंय, सहाशे डॉलर घे. मॅक्स म्हणतो नियमात बसत नाही, आणि तरी नोटा घेतो. पहिल्याच थांब्यावर वरून एक माणूस टॅक्सीच्या टपावर येऊन आदळतो. पाच थांबे म्हणजे पाच मुडदे, हे मॅक्सला आणि आपल्याला एकाच क्षणी कळतं. तिथून पहाटेपर्यंत ही दोघं एका डब्यात.

मला खुनांबद्दल बोलायचं नाहीये, आभाळाबद्दल बोलायचंय.

सिनेमातली रात्र आपल्याला पाठ आहे. रस्ते ओले करून ठेवलेले, उंचावर कुठेतरी निळा दिवा टांगून त्याला चंद्र म्हणायचं, आणि वर डांबरासारखं काळं आभाळ. इथे आभाळ काळं नाहीच. उरलेला चहा पातेल्यात रात्रभर राहिला की जो रंग येतो ना, तसं मातकट, नारिंगी, मध्येच हिरवट. त्या आभाळावर ताडाची झाडं शाईने काढल्यासारखी उभी. मैलभर लांबचा सिग्नलसुद्धा दिसतो. गाडीच्या काचांवरून दिवे सरकतात आणि आतल्या माणसांच्या चेहऱ्यावर अर्धवट उजेड येतो-जातो. मला तर त्या उजेडानेच जास्त धडधडलं. अंधारात भीती वाटते हे ठीक आहे. इथे सगळं दिसत असताना वाटते.

आणि तो कोल्ह्यांचा प्रसंग. म्हणजे कायोटी, पण मी कोल्हेच म्हणणार. भर शहरात सिग्नलपाशी गाडी थांबते, दोन कोल्हे निवांत रस्ता ओलांडतात, एकाचे डोळे दिव्यात चमकतात. कोणी काही बोलत नाही. कथेत त्याचं काही काम नाही. मी तो तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिला.

प्रश्न असा की हा रंग आला कुठून? मुद्दाम रंगवलाय की तिथे खरंच तसं दिसायचं?

(एक विनंती. 'शहर हेच यातलं एक पात्र आहे' असं कृपया कोणी लिहू नका. गेल्या धाग्यात नऊ जणांनी लिहिलं होतं.)


झंप्या | रात्री ९.५२

शहर हेच यातलं एक पात्र आहे.

(पळतो.)


खोडसाळ_पंत | रात्री १०.०५

आभाळ वगैरे झकास, पण कथेला एवढी भोकं आहेत की त्यातून ती टॅक्सी यू-टर्न मारून जाईल.

एवढा नावाजलेला मारेकरी. त्याला स्वतःची गाडी भाड्याने घेता येत नाही? एका अनोळखी माणसाला रात्रभर साक्षीदार म्हणून सोबत घेऊन फिरतो? टपावर प्रेत पडलं, काच फुटली, तीच गाडी घेऊन पुढच्या कामाला? वाटेत पोलीस अडवतातच. आणि शेवटी पाचवं सावज कोण, तर संध्याकाळी मॅक्सच्याच टॅक्सीत बसलेली, त्याला आवडलेली, आपलं कार्ड देऊन गेलेली सरकारी वकील बाई. एक कोटी सत्तर लाखांचं शहर हे खुद्द व्हिन्सेंटच सांगतो, आणि त्यात नेमकी तीच? आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या नाटकात असा योगायोग घातला असता तर प्रेक्षकांनी बत्ताशे फेकून मारले असते.


रातकिडी | रात्री १०.२१

पंत, पहिल्या भोकाला सिनेमातच ठिगळ आहे, तुम्ही तेव्हा चहा टाकायला गेला असणार. मार्क रफेलोचा जो फॅनिंग नावाचा डिटेक्टिव्ह आहे, तो एका जुन्या प्रकरणाची आठवण काढतो. ओकलंडमधला एक टॅक्सीवाला, एका रात्रीत तीन खून करून स्वतःला गोळी घालून घेतली. आधीचा काही गुन्हा नाही, काही नाही. तिथल्या एका पोलिसाला कायम वाटत राहिलं की त्या गाडीत आणखी कोणीतरी होतं.

म्हणजे टॅक्सीवाला हा साक्षीदार नाहीच. पहाटे मेलेला सापडणारा आरोपी आहे तो. व्हिन्सेंट गाडी भाड्याने घेत नाही कारण त्याला गाडीबरोबर गुन्हेगारही भाड्याने हवाय. हे कळल्यावर मी सहाशे डॉलरचा प्रसंग पुन्हा पाहिला. मॅक्सशी इतकं गोड बोलणारा माणूस त्याचा शेवट आधीच ठरवून बसलाय. पोटात कालवलं.

ॲनीच्या, म्हणजे त्या वकील बाईच्या योगायोगाबद्दल मात्र मी निरुत्तर.


सायलेंट_रीडर | रात्री १०.२४

ओकलंडचं वाक्य मीही हुकवलं होतं. तीनदा पाहिलाय. __/\__


बिजलीआप्पा | रात्री १०.४८

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे कोणी वळेचना म्हणून लिहितो. वीज मंडळात छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रस्त्यावरच्या दिव्यांत. सिनेमातलं फारसं कळत नाही, पण तो रंग मी ओळखतो. सोडियम व्हेपर.

नळीतल्या सोडियमच्या वाफेतून वीज गेली की पिवळा-नारिंगी उजेड पडतो. कमी दाबाच्या दिव्यात तर जवळजवळ एकच रंग असतो, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. रस्त्यांवर सर्रास असायचा तो जास्त दाबाचा, त्यात बाकीचे रंग थोडे मिसळतात, पण थोडेच. म्हणून त्या दिव्याखाली लाल साडी तपकिरी दिसते, निळी गाडी काळी दिसते, आणि माणूस कावीळ झाल्यासारखा. वीज कमी खातो, टिकतो भरपूर, म्हणून जगभर लावले. आधीचे पाऱ्याच्या वाफेचे दिवे निळसर-हिरवट. धागाकर्तीने 'मध्येच हिरवट' लिहिलंय ते बरोबर पकडलंय. दुकानं, गॅरेजं, पेट्रोल पंप, जिथे ट्यूबलाइट किंवा पाऱ्याचे जुने दिवे, तिथे हिरवट झाक येणारच.

आता आभाळ. समुद्रकाठचं शहर आहे. रात्री समुद्रावरून ढगांचा बुटका थर आत येतो, तिथे तो नेहमीचाच. खालून लाखो सोडियमचे दिवे, वर हा पांढरा पडदा. उजेड त्याच्यावर आपटून परत खाली. आमच्याकडे पावसाळ्यात ढग उतरले की शहराच्या बाजूचं क्षितिज असंच तांबूस व्हायचं. लहानपणी आजी म्हणायची तिकडे वणवा लागलाय.


कटर | रात्री ११.१०

आप्पा, वा! मी संकलनाच्या धंद्यातली, त्यामुळे दुसरी बाजू मी धरते. तो उजेड तिथे होताच, पण तोवर कॅमेऱ्याला दिसत नव्हता.

फिल्मच्या रिळावर इतक्या कमी उजेडात आभाळ उमटायचं नाही. वर काळं, खाली दिवे लावलेला तुकडा. म्हणून मोठे दिवे आणायचे, रस्ता ओला करायचा म्हणजे तो उजेड परत फेकेल, हा सगळा खटाटोप. दिग्दर्शक मायकल मान यांनी १९८१ च्या थीफमध्ये शिकागोचे रस्ते असेच चकचकीत केले होते. कोलॅटरलच्या वेळी त्यांनी रिळं बाजूला ठेवली आणि सिनेमाचा बराच मोठा भाग डिजिटल कॅमेऱ्यांवर टिपला, थॉमसनचा व्हायपर आणि सोनीचा सिनेआल्टा. २००३-०४ मध्ये मोठ्या स्टुडिओच्या, क्रूझ असलेल्या सिनेमासाठी हे धाडस होतं. कोरियाटाऊनमधल्या क्लबसारखे काही आतले प्रसंग तेवढे रिळावर आहेत, कारण तिथे उजेड आपल्या हातात असतो. छायालेखक दोन. पॉल कॅमेरून यांनी सुरुवात केली, मग डिऑन बीबी यांनी पुढे नेलं.

सगळ्यात आवडता भाग टॅक्सीच्या आतला. एवढ्याशा जागेत दिवा ठेवणार कुठे? त्यांनी कागदासारखे पातळ, स्वतःच मंद उजळणारे पत्रे सीटांच्या पाठींना नि छताला चिकटवले. त्यामुळे चेहऱ्यावरचा उजेड कुठून येतोय ते कळतच नाही, बाहेरचाच वाटतो.

याची किंमतही आहे बरं. अंधाऱ्या भागात दाणे वळवळतात, कॅमेरा जोरात फिरला की चित्र लग्नाच्या व्हिडिओसारखं फरफटतं. माझ्या एका सरांना यामुळे हा सिनेमा अजून सोसत नाही. मला तेच आवडतं. रात्री दोनला आपल्याच डोळ्यांना जसं दिसतं, तसं दिसतं ते.


खोडसाळ_पंत | रात्री ११.१८

म्हणजे कथेचं ठिगळ दाखवलंत आणि कॅमेऱ्याचं भोक मात्र कला. चालू द्या.


कटर | रात्री ११.२०

पंत :)


टॉरन्सकर | रात्री ११.४१ (आमच्याकडे सकाळ आहे, चहा पिते आहे)

मी या शहराच्या दक्षिणेला टॉरन्समध्ये बरीच वर्षं राहते, म्हणून राहवलं नाही.

आप्पा, तो रंग आता इथे नाही. २००९ पासून लॉस एंजेलिस पालिकेने रस्त्यावरचे सोडियमचे दिवे काढून एलईडी लावायला घेतले. पहिल्याच टप्प्यात, साधारण चार वर्षांत, १ लाख ४० हजारांच्या घरात दिवे बदलले. आम्ही आलो तेव्हा रात्री विमानातून खाली बघितलं की निखारे पसरल्यासारखं दिसायचं. आता बरेच पट्टे पांढरे दिसतात. म्हणजे आज तोच कॅमेरा, तीच गाडी, तोच चौक घेतला तरी कोलॅटरलमधली रात्र परत टिपता येणार नाही. वीज वाचली, रस्ता स्वच्छ दिसतो, रात्री एकटीने गाडी चालवताना मला बरंही वाटतं. तरी मागच्या वर्षी सिनेमा पुन्हा पाहताना घरातलं जुनं भांडं मोडीत घातल्यासारखं झालं.

दुसरं म्हणजे सुरुवातीचा रस्त्याचा वाद. ॲनी विमानतळावरून बसते आणि कुठून जायचं ते स्वतःच सांगते, सेपुल्वेडा, स्लॉसन, ला ब्रेया, मग सिक्स्थ धरून डाउनटाउन. मॅक्स म्हणतो एकशेपाच धरू, मग एकशेदहा. पैज लागते. भाडं फुकट. इथले लोक असेच भांडतात हो! पार्टीत दोन अनोळखी माणसं भेटली की हवामानाआधी कोणता फ्रीवे घेतलात हे विचारतात. अख्खी प्रेमकहाणी रस्त्याच्या नंबरांवर सुरू होते, आणि मॅक्सला त्याचं काम किती चोख येतं हेही तिथेच कळतं. मूळ पटकथा स्टुअर्ट बीटी यांनी न्यूयॉर्कमध्ये घडवली होती, मान यांनी ती इकडे आणली. न्यूयॉर्कात ती बाई सबवेने गेली असती, विषय संपला.

आणि पंत, कोल्हे खरेच आहेत. आमच्या कचऱ्याच्या डब्यापाशी येतात.


रातकिडी | रात्री ११.५८

हे एलईडीचं मला माहीतच नव्हतं. म्हणजे मी परवा जे चार वेळा मागे नेऊन पाहत होते, ते आता जगात कुठेच नाही.

आपल्या मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पांढरे दिवे लावले होते तेव्हाचा गदारोळ आठवतोय? राणीच्या गळ्यातला हार पिवळा की पांढरा यावर राजकीय पक्ष भांडले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. तेव्हा मी हसले होते की लोकांना कामं नाहीत.


बिजलीआप्पा | रात्री १२.०६

हसायचं कारण नव्हतं. पण बिलं भरणाऱ्याच्या बाजूनेही बघा. झोपतो आता, सकाळी फिरायला जायचंय.


ताडदेवचा_पोरगा | रात्री १२.३३

एरवी नुसता वाचतो, आज लिहितो. बाबांनी मुंबईत एकतीस वर्षं काळी-पिवळी चालवली, त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळी. पद्मिनी.

तुम्ही सगळे आभाळ बघताय, मी पहिल्या पाच मिनिटांत अडकलो. गॅरेजमध्ये कल्ला चाललाय, बाकीचे ड्रायव्हर ओरडतायत, आणि मॅक्स आत बसून काच पुसतो, सगळं जागेवर लावतो, दार बंद करतो, आवाज बंद. मग सन व्हायझरला एका बेटाचं चित्र अडकवतो. बाबांचं अगदी हेच. शिफ्ट घेताना आधीच्या ड्रायव्हरने गाडी कशीही दिलेली असू दे, फडकं मारल्याशिवाय पहिलं भाडं नाही. साईबाबांना अगरबत्ती, आणि टपाच्या फटीत गावच्या घराचा फोटो. भाडं नसेल तेव्हा बघायचे.

मॅक्स म्हणतो टॅक्सी तात्पुरती आहे, लिमोझिनची कंपनी काढायची आहे. बारा वर्षं झाली तात्पुरत्याला. बाबा म्हणायचे, दोन वर्षं मारतो, मग जुन्नरला पोल्ट्री टाकतो. मी शाळेत जायच्या आधीपासून म्हणायचे, मी नोकरीला लागलो तेव्हाही म्हणत होते. पोल्ट्रीचे कागद, बँकेची पत्रकं, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत होतं. व्हिन्सेंट चिडून मॅक्सला ते ऐकवतो ना, की एक दिवस म्हातारा होशील नि खुर्चीत बसून टीव्ही बघत असशील, ते काही झालेलं नसेल. तिथे मी सिनेमा थांबवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खुनी माणूस खरं बोलतोय, आणि याच्या तोंडातून ते ऐकायचं नाहीये, असं काहीतरी झालं.

दवाखान्यातला प्रसंगही. आईला मॅक्सने सांगून ठेवलंय की कंपनी चालू आहे, मोठमोठी गिऱ्हाइकं आहेत. ती बाई मारेकऱ्यालाच कौतुकाने सांगते. आमच्या आजीला गावात सगळे विचारायचे, मुलगा काय करतो? ती म्हणायची, मुंबईला गाड्यांचा धंदा आहे.


टॉरन्सकर | रात्री १२.४०

तुम्ही लिहीत जा हो.


कटर | रात्री १२.४४

+१. आणि तो आवाज बंद होण्याचा क्षण, दार लागतं आणि गॅरेज गायब होतं. रात्रभर मॅक्सचं जे सुरक्षित खोपटं असणार तेच पिंजरा होणार, हे तिथेच ठेवून दिलंय.


झंप्या | रात्री १२.५१

माहोल गंभीर झालाय म्हणून अवांतर. हिंदीतही हीच कथा आली होती हे कोणाला आठवतंय का? द किलर, २००६. टॅक्सीत इम्रान हाश्मी, मागे इरफान खान, शहर दुबई. इरफान होता म्हणून शेवटपर्यंत बसलो. टॅक्सीवाला गाणी म्हणायला लागला की मारेकऱ्याने मीटर बघून उतरून जायला हवं होतं.


सायलेंट_रीडर | रात्री १२.५५

मुंबईचीच एका रात्रीची गोष्ट हवी असेल तर सुधीर मिश्रांचा इस रात की सुबह नहीं, १९९६. निर्मल पांडे आणि आशीष विद्यार्थी. त्यातली रात्र घामेजलेली आहे. कोलॅटरलमध्ये कोणाला घाम येत नाही.


खोडसाळ_पंत | रात्री १.०९

ताडदेवचा_पोरगा, तुमचं वाचून माझा सूर जरा खाली आला. भोकं आहेतच, पण दोन गोष्टी कबूल करतो.

जॅझ क्लबचा प्रसंग मी इतक्या वर्षांत विसरलेलो नाही. क्लबचा मालक ट्रम्पेट वाजवणारा, माइल्स डेव्हिसबरोबर एकदा वाजवल्याची आठवण सांगतोय. तिघं एका टेबलाशी, हसतायत. व्हिन्सेंटला खरोखर संगीत कळतं, तो खोटं हसत नाही. मग उघड होतं की हाही यादीत आहे. व्हिन्सेंट सवलत देतो, एका प्रश्नाचं उत्तर दे आणि जा. माइल्स संगीत कुठे शिकला? मालक म्हणतो, ज्युलियार्ड. शाळेचं नाव बरोबरच आहे. पण व्हिन्सेंटला हवं असलेलं उत्तर असं, की त्याने ज्युलियार्ड सोडलं आणि चार्ली पार्करला शोधून काढून त्याच्याजवळ शिकला. ते उत्तर तो गोळी घातल्यावर सांगतो. आणि मेलेल्या माणसाचं डोकं टेबलावर आदळू नये म्हणून हाताने अलगद धरतो.

आमच्याकडे गाणं शिकणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर काय येईल? विद्यापीठाचं नाव कोणी सांगणार नाही, गुरूचंच सांगतील. मी त्या प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं असतं, आणि तरी मेलो असतो याची खात्री आहे.

दुसरी, फेलिक्सची, म्हणजे व्हिन्सेंटला सुपारी देणाऱ्याची भेट. मॅक्सने व्हिन्सेंटची बॅग फ्रीवेवर फेकून दिल्यावर यादी परत आणायला त्यालाच व्हिन्सेंट बनून जावं लागतं. हाविएर बार्देम समोर बसून नाताळबाबाच्या मदतनिसाची गोष्ट सांगत धमकावतो. मॅक्स आधी चाचरतो, मग चष्मा काढतो आणि एकदम दुसऱ्याच आवाजात बोलायला लागतो. व्हिन्सेंटचीच वाक्यं. फॉक्सला या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन होतं. मिळालं नाही, पण त्याच वर्षी दुसऱ्या सिनेमासाठी मुख्य अभिनेत्याचं मिळालं. बारा वर्षं गाडी चालवणारा माणूस सहाय्यक कसा, हे मला अजून कळलेलं नाही. पूर्ण सिनेमा तोच चालवतो.


रातकिडी | रात्री १.२५

पंत, तुम्ही आता निरुत्तर करताय.

क्रूझबद्दल एक. सरावासाठी तो म्हणे कुरियरवाल्याचे कपडे घालून गर्दीच्या बाजारात पार्सलं पोचवून आला, कोणी ओळखलं नाही. जगातला सगळ्यात ओळखीचा चेहरा, आणि अंगावर गणवेश चढवला की दिसेनासा. सिनेमाचा मुद्दा त्याला तिथेच सापडला असणार. टॅक्सीवाल्याकडे कोण बघतं?

म्हणूनच मेट्रोची गोष्ट. व्हिन्सेंट सुरुवातीला सांगतो की या शहरात एक माणूस मेट्रोत मेला आणि सहा तास तसाच फिरत राहिला, शेजारी लोक बसत-उठत होते. शेवटी तो स्वतःच मेट्रोत, गोळी लागलेला, समोरच्या सीटवर मॅक्स. आणि तो तेच विचारतो, कोणाच्या लक्षात येईल का? मॅक्स आणि ॲनी स्टेशनवर उतरतात, गाडी त्याला घेऊन जाते. बाहेर जरासं उजाडायला लागलंय.


कटर | रात्री १.३७

त्या शेवटच्या गोळीबाराबद्दल कोणी बोललं नाही. व्हिन्सेंट एवढा पक्का आणि मॅक्स नवशिका, मग मरतो कोण? दोघांच्या मध्ये डब्याचं दार आहे, दिवे जातात, दोघं अंधारात झाडतात. दार नीट बघा. व्हिन्सेंटच्या गोळ्या छातीच्या उंचीवर, एका जागी, शिकवल्याप्रमाणे. नेमकं तिथे दाराचं पोलाद. मॅक्सच्या गोळ्या कशाही, इकडेतिकडे, त्यातल्या काही काचेतून जातात. मी हे संकलन शिकताना चौकट-चौकट थांबवून पाहिलंय. जो माणूस रात्रभर दुसऱ्याला 'परिस्थिती बघून बदलायला शीक' असं ऐकवत होता, तो सवयीने मेला.


खोडसाळ_पंत | रात्री १.४२

हे मला पटलं. वहीत लिहून ठेवतो. ॲनीचा योगायोग मात्र मरेपर्यंत माफ करणार नाही.


टॉरन्सकर | रात्री १.५०

पंत, मी इथल्या इंडियन स्टोअरमध्ये माझ्या शाळेतल्या बाकावरच्या मैत्रिणीला भेटले आहे. कोथिंबिरीच्या टोपलीपाशी.


खोडसाळ_पंत | रात्री १.५२

तिला मारायची सुपारी निघाली होती का?


टॉरन्सकर | रात्री १.५३

कोथिंबिरीची शेवटची जुडी तिने उचलली, त्यामुळे विचार आला होता.


ताडदेवचा_पोरगा | दुसऱ्या दिवशी, रात्री १०.१५

काल तुमचं सगळं वाचून आज बाबांना सिनेमा दाखवला. त्यांना इंग्रजी जेमतेम, मी मध्ये मध्ये सांगत होतो. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा टीव्हीवर बघून काही बोलले नव्हते, त्यामुळे आज काय बोलतात याचं मला कुतूहल होतं.

ॲनीच्या प्रसंगाला खूश. "रस्ता त्याचाच बरोबर होता, पॅसेंजरचं ऐकायचं नसतं." कोल्ह्यांच्या वेळी म्हणाले की आरे कॉलनीतून रात्री येताना बिबट्या आडवा गेला होता, मागच्या पॅसेंजरला कळूही दिलं नाही, उगाच घाबरला असता. हे मला आजपर्यंत सांगितलं नव्हतं. मॅक्स मुद्दाम वेग वाढवून गाडी उलटी करतो तिथे मात्र तोंड फिरवलं. माणसं मेली तेव्हा बघत होते.

आभाळाचं विचारलं. म्हणाले, हो, असंच असायचं, त्या पिवळ्या दिव्यात झोप यायची, म्हणून माहीम कॉजवेला थांबून तोंडावर पाणी मारायचो.

संपल्यावर बराच वेळ गप्प. मग विचारलं, "त्यानं मीटर टाकला होता का?"

म्हटलं नाही बाबा, सहाशे डॉलर ठरवून घेतले होते, रात्रभराचे.

"तिथंच चुकला," म्हणाले. "बारानंतर मीटरला सव्वापट होतं. ठरवून कशाला घ्यायचं?"


झंप्या | रात्री १०.२२

बाबांना आयडी काढून द्या. आजच.


खोडसाळ_पंत | रात्री १०.३०

अमेरिकेत बारानंतर सव्वापट असतं का, टॉरन्सकर?


ताडदेवचा_पोरगा | रात्री १०.३४

पंत, मीही हेच म्हणालो. म्हणाले, "नसेल तर मागून घ्यायचं."